फोटोतला ठिपका कचरा की खूण?

फोटोवर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे पांढरे-काळे ठिपके दिसतात, तो 'सॉल्ट अँड पेपर' नॉईज. ० ते २५५ या आकड्यांच्या खेळात मध्येच भलताच ० किंवा २५५ घुसलेला असतो. जुना उपाय 'मीडियन फिल्टर': पिक्सेल आणि त्याचे ८ शेजारी चढत्या क्रमाने लावायचे, मधला आकडा उचलायचा. ठिपका गायब! पण मॅमोग्राममधला कॅल्शियमचा बारीक कणही असाच पुसला जाऊ शकतो, आणि कधीकधी तीच कॅन्सरची पहिली खूण असते.

इथे लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेली 'फझी' कल्पना कामी येते. पिक्सेल खराब आहे की नाही, असा सरळसोट निकाल ती देत नाही. किती खराब, ते बघते. संशय ०.९ असेल तर पिक्सेल जवळजवळ बदलतो, ०.२ असेल तर बराचसा तसाच राहतो. न्यूरल नेटवर्क मात्र हे असंख्य फोटो पाहून शिकतं. फक्त कधीकधी मूळ फोटोत नसलेले बारकावेही भरून टाकतं.