बेशरम कोणती, नाळ कोणती?



‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण पाणथळीतल्या झाडपाल्याला अगदी लागू पडते. गावतळे, ओढा, भाताचे खाचर अशा ओलीच्या जागी आपली पूर्वापार रोपे वाढतात आणि त्यांच्याच शेजारी, त्यांच्यासारखीच दिसणारी परमुलखातली तणेही माजतात. ओळख चुकली तर कामाचे रोप उपटले जाते आणि घातक तण पोसले जाते. म्हणून दोन जोड्या नीट ओळखून ठेवा.

नाळ आणि बेशरम

नाळीची भाजी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. बेशरम मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. दोन्ही रताळ्याच्या कुळातल्या, त्यामुळे फुले नरसाळ्यासारखी, देठ पोकळ आणि मोडल्यावर चीकही दोन्हींना येतो. तेव्हा चीक आणि पोकळ देठ या खुणांवर विसंबू नका. पुढील खुणा पाहा.

१. बुडखा : नाळ चिखलावर किंवा पाण्यावर पसरते, तिचे देठ मऊ असतात आणि पेरापेराला मुळ्या फुटतात. बेशरमीचे झुडूप पुरुषभर उंच उभे राहते. तिचा शेंडा कोवळा दिसला तरी खाली हात घातला की बुडखा लाकडासारखा टणक लागतो.

२. पान : नाळीचे पान बहुधा बाणाच्या टोकासारखे किंवा लांबट. बेशरमीचे पान मोठे, बुडाशी हृदयाकृती आणि टोकाला निमुळते.

३. फूल : नाळीचे पांढरे किंवा फिकट जांभळे. बेशरमीचे मोठे, गुलाबी-जांभळे, झुबक्याने येणारे.

तिन्ही खुणा जुळल्या तरच भाजी खुडावी. एकाही खुणेची शंका आली तर ती भाजी घरात आणू नका. खरी नाळसुद्धा गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यातली घेऊ नये, कारण ती पाण्यातले घातक धातू शोषून घेते. चांगल्या पाण्यातली भाजीही स्वच्छ धुऊन, पूर्ण शिजवूनच खावी. कच्च्या पाल्याबरोबर पोटात जंत जाऊ शकतात.

शेळ्यांना सांभाळा

बेशरमीचा पाला विषारी आहे. चारा मुबलक असेल तर जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. पण उन्हाळ्यात सगळीकडे वाळवण झाले, की हिरवी दिसते ती बेशरमच. शेळीला एकदा चटक लागली की ती दुसरा चारा सोडून तिच्याकडेच धावते. मग अंग झडते, मान थरथरते, मागचे पाय लटपटतात. यावर हमखास उतारा नाही. लक्षणे दिसताच तो पाला बंद करा आणि पशुवैद्यकाला दाखवा. लवकर लक्ष गेले तर शेळी सुधारते, उशीर झाला तर हाती लागत नाही.

कुंपणाला फुकटची म्हणून बेशरम लावू नका. आहे ती उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर, बुडख्यासकट खणून काढा. तोडलेल्या फांद्या ओढ्यात टाकू नका. चिखलात पडलेला तुकडाही मूळ धरतो. खडकावर कडक वाळू द्या, आणि शेळ्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

जलपर्णी आणि खाचरातली निळी फुले

जलपर्णी, म्हणजे काही भागांतले केंदाळ, दक्षिण अमेरिकेतून आली. पंचगंगा, इंद्रायणी, पवना या नद्यांवर तिचे हिरवे गालिचे आपण पाहतो. तिच्याच कुळातले एक देशी रोप आपल्या भातखाचरात आणि तळ्याच्या काठी उगवते.

देशी रोप चिखलात रुजते, फुले लहान, निळी आणि पानाच्या देठाच्या बगलेतून आल्यासारखी दिसतात. जलपर्णी तरंगते, तिच्या काळपट मुळ्या पिसासारख्या लोंबतात, आणि पानाच्या देठाला हवेचा फुगा असतो. मात्र दाटीत वाढलेल्या जलपर्णीचे देठ लांबट होतात व फुगा दिसत नाही. अशा वेळी फूल पाहा : जलपर्णीच्या फुलाच्या वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा असतो. देशी रोपाला तो नसतो.

देशी रोप भातात तण म्हणून जरूर निंदावे, पण तळ्याच्या काठचे राहू द्यावे. जलपर्णी मात्र एक रोप दिसले तरी काढा. अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षे टिकते. फुलावर येण्याआधी काढलेली जलपर्णी पाण्यापासून दूर वाळवून खतखड्ड्यात घालता येते.

एका घराने काढून भागत नाही. वरच्या अंगाला राहिलेले रोप पावसात वाहत खाली येते. तेव्हा उन्हाळ्यात ग्रामसभेत विषय काढा, एक दिवस ठरवा आणि ओढ्याच्या वरच्या टोकापासून कामाला लागा. काढणाऱ्या प्रत्येकाला आधी वरील खुणा दाखवा.