सात, पाच, शून्य, दोन

श्रीखंडाचा डबा संपला की आमच्या घरी भांडण व्हायचं. डबा कोण चाटणार यावरून नव्हे, झाकण कोणाचं यावरून! मनगटाला झटका देऊन ते झाकण गच्चीवरून सोडलं, की समोरच्या आंब्यापर्यंत तरंगत जायचं. हा शोध सांगलीत आमच्याच वाड्यात लागला, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मागच्या उन्हाळ्यात बहिणीकडे अमेरिकेत गेलो, कॅलिफोर्नियात. तिथे कळलं की या झाकणफेकीचा चक्क एक खेळ आहे. डिस्क गोल्फ. गोल्फसारखाच, पण काठी नाही, चेंडू नाही, जमिनीत भोकही नाही. हातात तबकडी. लांब कुठेतरी झाडांच्या पलीकडे लोखंडी खांबावर एक टोपली, आणि टोपलीच्या वर झुंबरासारख्या लोंबणाऱ्या साखळ्या. पहिली फेक करायची. तबकडी जिथे पडेल तिथून दुसरी. मग तिसरी. शेवटी साखळ्यांवर आपटून ती टोपलीत पडली की 'खळ्ळ!' असा आवाज येतो. तो आवाज एकदा कानात बसला की माणूस कामातून गेला. सगळ्यांत कमी फेकींत जो पोचला तो जिंकला.

या खेळातली माझी गुरू म्हणजे माझी दहा वर्षांची भाची. पहिल्याच दिवशी तिने पिशवी उघडली आणि म्हणाली, "मामा, तुला मी फेअरवे ड्रायव्हर देते."

"ड्रायव्हर? गाडी तर तुझी आई चालवते ना?"

तिने कपाळावर हात मारला.

ड्रायव्हर म्हणजे लांब जाणारी तबकडी. जवळून टोपलीत टाकायची ती पटर, मधल्या अंतराची ती मिडरेंज. ड्रायव्हरमध्ये पुन्हा दोन जाती. एक नुसती लांब पळणारी, डिस्टन्स ड्रायव्हर. दुसरी फेअरवे ड्रायव्हर. गोल्फच्या मैदानात सुरुवातीपासून शेवटापर्यंत गवत कापून मोकळा ठेवलेला पट्टा असतो, त्याला फेअरवे म्हणतात. त्या पट्ट्यावरून न भरकटता जी लांब जाते ती फेअरवे ड्रायव्हर. भाचीने माझ्या हातात ठेवली ती निळी होती, टीबर्ड नावाची.

पण मी मामा! दहा वर्षांच्या पोरीचं लगेच कसं ऐकणार? तबकड्यांवर आकडे छापलेले असतात. निळीवर पहिला आकडा ७. पिशवीत एक लालभडक होती, तिच्यावर १२. बारा मोठे की सात? मी लाल उचलली आणि सगळा जीव एकवटून फेकली. ती थोडी पुढे गेली, मग रुसल्यासारखी डावीकडे वळली आणि झुडपात घुसली. मी घुसणार तोच भाची ओरडली, "थांब मामा, पॉयझन ओक!" ही तिकडची खाजकुइलीची मावसबहीण समजा. पानं नुसती अंगाला घासली तरी पुरळ उठतं. लाल तबकडी आम्ही काठीने ओढून काढली. पावलं मोजली, पस्तीस.

मग निमूटपणे निळी घेतली. ती सुटली ती सरळ. अगदी सुतासारखी सरळ. शेवटी दमल्यासारखी हळूच डावीकडे झुकली आणि गवतावर बसली. पंचावन्न पावलं! तेव्हापासून ती माझी लाडकी.

सातने बाराला हरवलं कसं? पहिल्या आकड्याला ते लोक स्पीड म्हणतात, पण तबकडी किती वेगाने जाईल ते तो सांगत नाही. तिला नीट उडायला किती वेग *द्यावा* लागेल ते सांगतो. बारावाल्या तबकडीची कड रुंद आणि धारदार असते. जोरदार हाताने फेकली तर ती हवा कापत जाते. माझ्यासारख्याने फेकली तर तिचं पोटच भरत नाही, आणि ती लगेच डावीकडे कोसळते. टीबर्डची कड १.७ सेंटिमीटर रुंद. नियमाप्रमाणे कड २.६ सेंटिमीटरपर्यंत चालते.

नियमांवरून एक गणित. या खेळात तबकडीचं वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. टीबर्डचा व्यास २१.२ सेंटिमीटर. करा गुणाकार! उत्तर आलं १७५.९६, म्हणजे जवळजवळ १७६ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू जास्तीत जास्त १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे ही प्लॅस्टिकची थाळी लेदर बॉलपेक्षाही जड असू शकते. समोर माणूस असताना ती का फेकायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आता माझ्या निळीवरचे चारही आकडे वाचा: ७, ५, ०, २. दुसरा आकडा तरंगण्याचा. उरलेले दोन वळण्याचे. आणि खरी गंमत या वळण्यातच आहे.

फिरणाऱ्या वस्तूंचा स्वभाव मोठा आडमुठा. सायकलचं सुटं चाक मिळालं तर त्याचा आस दोन्ही हातांनी धरा आणि मित्राला चाक जोरात फिरवायला सांगा. आता चाक एका बाजूला वाकवून बघा. ते भलतीकडेच वळतं! ढकलावं इकडे, तर ते काटकोनात तिकडे. तबकडीचंही तसंच. आम्ही उजव्या हाताने, छातीसमोरून हात ओढत फेकतो, तेव्हा ती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. अशा तबकडीचं नाक हवेने वर उचललं, तर ती नाक वर करायच्या ऐवजी डावीकडे कलते. नाक खाली दाबलं तर उजवीकडे कलते. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं वाचावं.

पण हवा नाक उचलते कधी आणि दाबते कधी? मोदकांचं ताट एका तळहातावर तोलून पाहा. हात बरोब्बर मधोमध असेल तर ताट स्थिर राहतं. हात थोडा मागे गेला की पुढची बाजू झुकते, पुढे गेला की वर येते. (मोदक आधी खाऊन घ्या.) तबकडीखाली हवेचा असाच एक अदृश्य तळहात असतो, आणि तो जागा बदलतो. तबकडी जोरात जात असते तेव्हा तो मध्याच्या किंचित मागे असतो. नाक दाबलं जातं आणि तबकडी उजवीकडे कलू पाहते. मग वेग कमी होतो, तबकडी खाली येऊ लागते, हवा तिच्या पोटावर आदळते आणि तळहात पुढे सरकतो. नाक उचललं जातं आणि तबकडी डावीकडे जाते. तिसरा आकडा सुरुवातीच्या वळणाचा, चौथा शेवटच्या. टीबर्डचा तिसरा आकडा शून्य! म्हणून ती आधी इकडेतिकडे बघतच नाही. चौथा दोन, म्हणून शेवटी नुसती मान वळवते. केन क्लाइमो नावाचा खेळाडू बारा वेळा जगज्जेता झाला, त्यातला १९९० ते १९९८ सलग नऊ वेळा. त्याची ही आवडती तबकडी. आवडीच्या बाबतीत तरी माझं आणि त्याचं जमतं.

आम्ही खेळायचो ते मैदान साधंसुधं नव्हतं. पॅसाडीनाजवळचं ओक ग्रोव्ह. डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान इथेच १९७५ साली तयार झालं. आणि शेजार कोणाचा? जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचा! मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्या जिथे बनल्या ती संस्था. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ याच लोकांनी बनवला आणि ३१ जानेवारी १९५८ रोजी तो उडाला. पेन्सिलसारखा लांबोडका होता तो. पेन्सिल दोन बोटांत फिरवतो तसा स्वतःभोवती गरगरत निघाला आणि थोड्याच वेळात आडवा होऊन कोलांट्या खाऊ लागला. त्याला लवचीक तारांचे अँटेना होते. ते हलत राहिले आणि फिरण्यातली ऊर्जा खात राहिले. ऊर्जा कमी पडली की फिरणारी वस्तू सगळ्यांत आळशी पद्धतीने फिरू लागते, म्हणजे आपलं वजन आसापासून जास्तीत जास्त दूर ठेवून. पेन्सिलीला त्यासाठी आडवं व्हावं लागतं. तबकडी मात्र जन्मतःच आळशी! तिचं बरंचसं वजन कडेला असतंच, म्हणून तिला कोलांटी मारायची गरजच पडत नाही. घरी करून बघा. झाकण न फिरवता फेका, ते लगेच लटपटेल. मग त्याच्या कडेला काळ्या चिकटपट्टीचे चार-पाच वेढे द्या आणि गरगरवून फेका.

ओक ग्रोव्हचं मैदान आखलं एड हेड्रिक यांनी. उडत्या तबकडीच्या पाठीवर बारीक गोल रेघा असतात ना, ती कल्पनाही त्यांची. सुरुवातीला या मैदानात नेम धरायला नुसते खांब होते. मग तबकडी खांबाला लागली की नुसती घासून गेली, यावरून वाद. म्हणून हेड्रिकनी साखळ्या आणि टोपली जोडली आणि १९७७ साली पेटंट मिळवलं. २००२ साली ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या केल्या गेल्या. आपण अस्थी नदीत सोडतो, हे आजोबा उडत गेले.

परत निघायच्या आदल्या दिवशी भाचीने निळी टीबर्ड मला देऊन टाकली. हरवली तर सापडणाऱ्याने कळवावं म्हणून तिकडे तबकडीच्या पोटावर फोन नंबर लिहितात. मी ऐटीत माझा सांगलीचा नंबर लिहिला.

"मामा, इथून तुला फोन कोण करणार?"

"तिला मी हरवू देणारच नाही!"

शेवटच्या टोपलीला वारा समोरून होता. निळी सुटली, सरळ गेली, आणि जिथे मान वळवायची तिथे वळवलीच नाही. ओकच्या झाडांवरून पलीकडच्या कोरड्या नदीपात्रात गेली. तासभर शोधलं, काठीने सगळी झुडपं हलवली, पण नाही सापडली.

तिकडे दुपारचे दोन वाजले की आपल्याकडे रात्रीचे अडीच. फोन मी उशाशी ठेवून झोपतो.