हुंडी, वचनचिठ्ठी आणि चेक

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी मागे पडली, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी तीन गावे ओळीने लागतात. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळचे, इ. स. १०६० च्या सुमारास बांधलेले. बदलापूर हे नाव वाटेत घोडे बदलण्याच्या टप्प्यावरून पडले, असे जुने लोक सांगतात. उल्हासनगर मात्र अगदी अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी या माळावर लष्कराच्या छावण्या होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना त्या ओसाड बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली, आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील वस्त्यांना लोक अजूनही ‘कँप’ म्हणूनच ओळखतात.

या निर्वासितांच्या शेतीवाड्या आणि हवेल्या सिंधमध्येच राहिल्या. परंतु त्यांच्यापैकी पुष्कळ जण व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याची एक चीज अशी असते, की ती पेटीत भरावी लागत नाही. ती म्हणजे पत. सिंधमधील शिकारपूर हे गाव तर सराफीसाठी नावाजलेले. तेथील सावकारांनी लिहून दिलेला कागदाचा तुकडा काबूल, कंदाहार आणि थेट बुखाऱ्याच्या बाजारातही रोख पैशासारखा चालत असे. त्या कागदास हुंडी म्हणत.

हुंडीची युक्ती साधी आहे. एका गावच्या व्यापाऱ्यास दूरच्या गावी हजार रुपये पोहोचवावयाचे आहेत. रुपयांची थैली घेऊन निघावे, तर वाटेत चोरांचे भय. म्हणून तो आपल्या गावच्या सराफाच्या पेढीवर पैसे भरतो. सराफ थोडीशी हुंडणावळ घेतो आणि दूरच्या गावातील आपल्या आडत्याच्या नावे हुंडी लिहून देतो. कागद दाखविताच पैसे द्यावयाचे असल्यास ती दर्शनी हुंडी. काही दिवसांच्या वायद्याने द्यावयाचे असल्यास ती मुदती हुंडी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत आहे अशा गृहस्थाच्याच हाती पडत, वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या नव्हे. हुंडी हरवलीच, तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाल्यास परपेठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका असे मोठे गमतीचे नाव होते.

हुंडीतील रक्कम एकदाच लिहून सराफाचे समाधान होत नसे. आकडा घालावयाचा, तोच अक्षरांत लिहावयाचा, आणि वर पुन्हा ‘निमे पाचशे, त्यांचे दुप्पट पुरे हजार’ असेही नोंदवावयाचे. याला कारण होते. उत्तरेकडील महाजनी लिपीत घाईने लिहिताना काना-मात्रा गाळीत. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड सुरू केली, ही तिच्याविषयीची गोष्ट प्रसिद्धच आहे. पत्रात एवढा घोटाळा होतो, तर हजारांच्या रकमेत किती होईल!

असे व्यवहार सर्व देशभर चालत. परंतु प्रत्येक बाजाराचा रिवाज निराळा. तंटा न्यायालयात गेला, म्हणजे न्यायाधीशाने कोणता रिवाज मानावा? १८६६ साली या विषयाच्या कायद्याचा पहिला मसुदा तयार झाला. तो इंग्लंडच्या कायद्यापासून पुष्कळ ठिकाणी दूर जातो, अशी हरकत व्यापाऱ्यांनी घेतली. मसुदा पुनःपुन्हा तपासला गेला आणि अखेर १८८१ साली कायदा मंजूर झाला. १ मार्च १८८२ पासून तो अमलात आहे. देशी भाषेत लिहिलेल्या हुंड्यांविषयीचे स्थानिक रिवाज त्यात जपले आहेत. मराठीत या कायद्यास परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात. नाव अवघड आहे. अर्थ एवढाच, की एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना पैशाचा हक्कही बरोबर घेऊन जाणारा लेख.

असे लेख कायद्याने तीन मानले आहेत. ‘मी अमुक रक्कम देईन’ असे ऋणकोने स्वतः सही करून दिलेले वचन ती वचनचिठ्ठी. ‘तुम्ही अमक्यास अमुक रक्कम द्यावी’ अशी एकाने दुसऱ्यास केलेली आज्ञा ती हुंडी. आणि हीच आज्ञा बँकेस केली व मागताक्षणी पैसे देण्यास सांगितले, म्हणजे झाला चेक. वचनास किंवा आज्ञेस अट मात्र चालत नाही. ‘माझे अमकीशी लग्न झाल्यावर सात दिवसांनी पाचशे रुपये देईन’ ही वचनचिठ्ठी नव्हे, कारण लग्न मोडले तर? ‘पाचशे रुपये आणि माझा काळा घोडा देईन’ हीही नव्हे, कारण येथे पैशाखेरीज दुसऱ्या वस्तूचा संबंध येतो. ही दोन्ही उदाहरणे कायद्याच्या पुस्तकातच दिलेली आहेत. कायदा करणारे सदैव रुक्षच असतात असे नाही.

आकडा आणि अक्षर यांचा मेळ बसत नसेल, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी धरावी, असे हा कायदा सांगतो. एखाद्याने पुढे शून्य वाढवून हजाराचे दहा हजार केले, तर लेख बदलला जातो आणि ज्याने त्या बदलास संमती दिली नाही, त्याच्यावर तो बंधनकारक राहत नाही.

आता या कायद्यातील सर्वांत नवलाची गोष्ट. समजा, अंबरनाथच्या फलाटावर एकाची छत्री चोरीस गेली आणि चोराने ती बदलापुरात विकली. घेणारा कितीही भोळा असो, छत्री मूळ मालकाचीच राहते. परंतु छत्रीऐवजी वाहकास देय असलेला चेक हरवला, ज्याला सापडला त्याने तो देऊन दुकानातून माल घेतला, आणि दुकानदाराने काहीही संशयास्पद नसताना, पुरता मोबदला देऊन तो घेतला, तर चेकवरचा हक्क त्या दुकानदारास मिळतो! वरकरणी हा अन्याय वाटेल. परंतु कागद हातोहात चालावयाचा असेल, तर घेणाऱ्याने मागच्या प्रत्येक मालकाची चौकशी करीत बसणे शक्य नाही. म्हणून हरवलेल्याचे नुकसान पत्करून कायद्याने बाजाराचा विश्वास राखला. खोट्या सहीच्या बाबतीत मात्र त्याने अशी सूट दिलेली नाही.

हरविणाऱ्याचाही बचाव आहे, आणि तो पेनाच्या दोन फटकाऱ्यांत होतो. चेकवर दोन समांतर तिरप्या रेघा ओढल्या, म्हणजे त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत. ते बँकेमार्फतच मिळतात. ‘केवळ खात्यात जमा’ असे रेघांमध्ये लिहिले, म्हणजे बँक ते पैसे त्या नावाच्या खात्यातच भरते.

चेक लिहिला म्हणजे पैसे मिळालेच असे नाही. उल्हासनगरच्या एका सुताराचे उदाहरण कल्पून पाहू. त्याने दूरच्या शहरातील दुकानदारास चाळीस हजारांची कपाटे करून दिली आणि चेक घेतला. त्याच पैशांतून वखारीचे लाकडाचे देणे द्यावयाचे होते. चेक भरला, आणि तो ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ अशा चिठ्ठीसह परत आला. दुकानदार म्हणतो, “पुढच्या महिन्यात पाहू.” सुताराने येथे दिवस मोजावयास हवेत. चेक न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून गुन्हा ठरला आहे. परंतु बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत दुकानदारास लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोहोचल्यावर पैसे देण्यास त्याला पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने पैसे दिले, तर प्रकरण संपले. न दिले, तर पुढील एका महिन्यात फिर्याद करावयाची. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही शिक्षा होऊ शकतात. मात्र चेक खऱ्या देण्यापोटी दिलेला असला पाहिजे. देणगीचा चेक परत आला, तर हा गुन्हा होत नाही.

नुसत्या गोड शब्दांवर विसंबून सुताराने ते तीस दिवस घालविले, तर त्या वेळच्या परतीवरून फिर्यादीचा मार्ग बंद होतो. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर तो पुन्हा भरता येतो. नाही तर दिवाणी दावा उरतो, आणि तो लांबत जातो. फिर्यादीसाठी पूर्वी दूरच्या शहरी खेपा घालाव्या लागतील की काय, अशी धास्ती असे. २०१५ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ज्या शाखेत सुताराचे खाते आहे, तेथील न्यायालयात आता अशी फिर्याद चालते.

चेकचा कागदही हल्ली फारसा प्रवास करीत नाही. तो भरला त्या बँकेतच राहतो आणि त्याचे छायाचित्र तारेवरून दुसऱ्या बँकेकडे जाते. एके काळी शिकारपूरची हुंडी बुखाऱ्यास पोहोचण्यास उंटांच्या काफिल्याला कितीतरी आठवडे लागत.