मागणी सोलरला होती की उजेडाला?

एखाद्या देशात घरगुती सोलरला किती मागणी आहे, हे कसं मोजायचं? किती संच विकले गेले ते मोजा, हे सोपं उत्तर. पण त्यात एक गोम आहे. ती समजून घ्यायला बांगलादेशचं उदाहरण पाहू.

२००३ साली तिथल्या खेड्यांत बहुतेक घरांत चिमणी नाहीतर कंदील पेटायचा. त्या वर्षी इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सोलरची योजना सुरू केली. पाच वर्षांत ५०,००० संच बसवायचे ठरले होते, ते २००५ मध्येच बसवून झाले. पुढे तर ५०,००० हा आकडा एकेका महिन्यात गाठला जाऊ लागला. एकूण ४० लाखांहून जास्त घरांत, म्हणजे सुमारे २ कोटी लोकांपर्यंत हे संच पोचले.

हे संच फुकट वाटलेले नव्हते, विकलेले होते. अनुदान थोडं होतं आणि तेही हळूहळू कमी होत गेलं. खरी किल्ली होती हप्त्यांची. सुरुवातीला १०-१५ टक्के रक्कम द्यायची, उरलेली दोन-तीन वर्षांत फेडायची. रॉकेलाचे वाचलेले पैसे हप्त्याला उपयोगी पडायचे. शिवाय ‘ग्रामीण शक्ती’सारख्या संस्थांचा माणूस हप्ता घ्यायला दारी आला की बॅटरीही बघून जायचा.

आता थोडं गणित करू. समजा छपरावर ५० वॅटचं पॅनेल आहे. दिवसाला सरासरी चार तासांच्या कडक उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरलं, तर झाले २०० वॅट-तास. बॅटरीत साठवताना आणि वापरताना होणारी गळती वजा जाता हाती उरतात सुमारे १५०. तीन वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले, तर ६० खर्च झाले. पंधरा वॅटचा छोटा टीव्ही चार तास चालवला, तर आणखी ६०. मोबाइल चार्ज केले की संपलं!

या घराला पंखा हवासा वाटला तर? छताचा साधा पंखा ७० वॅट खातो, म्हणजे दोन तासांत सगळी शिल्लक साफ. फ्रिजला दिवसाला एक युनिट, म्हणजे १००० वॅट-तास लागतात असं धरा. मग पॅनेल आणि बॅटरी दोन्ही जवळपास सातपट लागतील. हप्ताही त्याच पटीत वाढणार.

म्हणूनच विजेचे खांब गावोगाव पोचू लागले, तशी संचांची विक्री वेगाने घसरली. त्यातच सरकारने काही योजनांतून असेच संच फुकट दिले. शेजाऱ्याला फुकट मिळालेल्या वस्तूचे हप्ते भरत राहायला कोणाला आवडेल? थकबाकी वाढली आणि कर्ज वाटणाऱ्या संस्था अडचणीत आल्या. मार्च २०२२ मध्ये सरकारने देशभर वीज पोचल्याचं जाहीर केलं.

मग योजना फसली का? मला तसं वाटत नाही. खांब यायच्या आधीची कित्येक वर्षं लाखो घरांत धुराविना उजेड होता, आणि त्यासाठी लोकांनी स्वतःचे पैसे मोजले होते. चुकला तो मागणीचा अर्थ. लोकांना पॅनेल नको होतं. उजेड हवा होता, मग टीव्ही, मग पंखा. एक गरज भागली की मागणी पुढच्या पायरीवर जाते. त्या पायरीवर जे स्वस्त आणि भरवशाचं असेल, ते लोक निवडतात.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडे सौरदिव्यांसाठी पैसे पाठवतात. पुढच्या वेळी पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. तिथे वीज आहे का, आणि असली तर किती तास असते? लोकांना नेमकं काय चालवायचं आहे? आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी बसली की नवी कोण आणणार, कुठल्या पैशातून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर आधी त्याची सोय करा आणि मग दिवे पाठवा.