किरणोत्सारी धातु आणि कडाक्याची थंडी

पौषांतल्या पहाटे डहाणू-तलासरीकडे गारठा पडतो, तेव्हां पितळेचा तांब्या हातास फार गार लागतो; शेजारचा लाकडी पाट तितका लागत नाहीं. वस्तुतः दोहोंचें उष्णमान सारखेंच असतें. धातु हातांतील उष्णता झटकन् ओढून नेतो, लाकूड सावकाश नेतें, एवढाच भेद. थंडी म्हणून कांहीं निराळा पदार्थ नाहीं. उष्णता निघून जाणें म्हणजेच थंड होणें. हें ध्यानांत ठेवून आपण किरणोत्सारी धातूंचा विचार करूं.

धातूंत उष्णता वाहण्याचें काम मुख्यत्वें मोकळे विद्युत्कण करितात. तांब्यांत तें उत्तम चालतें. युरेनियमची वाहकता त्याच्या सुमारें पंधराव्या हिश्श्याइतकी, आणि प्लुटोनियमची त्याहूनही पुष्कळ कमी. शिवाय या धातूंचे परमाणु आपोआप विघटन पावत असल्यामुळें त्यांच्या अंगांतच उष्णता उपजते. २३९ भाराचें एक किलो प्लुटोनियम सतत सुमारें दोन वॉट उष्णता देतें. आकडा लहान दिसतो खरा; परंतु केवल शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदीं जवळ शीतयंत्राची शक्ति वॉटच्या लक्षांशाहूनही कमी असते. तेथें धातूची वाहकताही उतरत जाते. थोरियम तर १.४ अंशाखालीं अतिवाहक होतो : वीज विनाअडथळा वाहते, पण जोडीनें चालणारे विद्युत्कण उष्णता वाहत नाहींत. सारांश, आंत चूल पेटलेली आणि धूर जाण्यास धारें अरुंद, अशी ही स्थिति आहे.

मग किरणोत्सारी धातु अतिशीत करितांच येत नाहीं काय? येतो, मात्र चूल मंद हवी. बिस्मथ हा धातु पूर्वीं स्थिर मानीत असत. तोही किंचित् किरणोत्सारी असल्याचें फ्रान्समध्यें २००३ सालीं सिद्ध झालें. त्याचे निम्मे परमाणु विघटन पावण्यास विश्वाच्या वयाच्या शंभर कोटी पटींहून अधिक काळ लागतो. म्हणून त्याची आंतली उष्णता नगण्य. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. रामकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं बिस्मथचा शुद्ध स्फटिक केवल शून्यापासून एका अंशाच्या सहस्रांशाहूनही जवळ नेला. ०.०००५३ अंशाखालीं तो अतिवाहक होतो, असें त्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलें.

याच नियमाची दुसरी बाजू आपल्या शेजारीं आहे. डहाणूच्या दक्षिणेस तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. अणुभट्टी बंद केली तरी इंधनांतील उष्णता लागलीच थांबत नाहीं. ती पाण्यानें सतत काढावी लागते. जपानांत फुकुशिमा येथें २०११ सालीं भूकंप व समुद्राची लाट यांमुळें हें शीतन बंद पडलें, आणि भट्ट्या बंद असूनही इंधन वितळलें.

प्रयोगशाळेंतील स्फटिक असो वा वीजकेंद्रांतील इंधन, प्रश्न एकच : आंत किती उष्णता उपजते, आणि तिला बाहेर जाण्यास वाट किती? आमच्या विद्यार्थ्यांनीं तांब्या हातीं घेतांना हा प्रश्न आठवावा.