सैन्य आणि सामग्री – लेखांक पाचवा : उघड्या हवेतील हुकूम

गेल्या लेखांकात फौजेच्या अन्नवस्त्राचा विचार झाला. या आठवड्यात तिच्या हत्यारांचा आणि तिच्या वाणीचा विचार एकत्र करावयाचा आहे. आणि तो एकत्र करण्याचे कारण असे की, निकृष्ट सामग्री आणि शत्रूच्या कानी पडणारे संभाषण हे दोन निरनिराळे दोष मानून त्यांची चौकशी निरनिराळ्या अंमलदारांकडे सोपविण्याचा जो शिरस्ता बहुतेक सैन्यांत पडून गेला आहे, तो माझ्या मते मुळातच चुकीचा आहे. ज्या शिपायाच्या हाती धड यंत्र दिलेले नाही, त्याच्याकडून गुप्ततेची अपेक्षा करणे हा त्याच्यावरील अन्याय होय.

सामग्रीतील दोष कसा दबा धरून बसतो, हे पाहावयास आम्हां आष्टीकरांना फार दूर जावे लागत नाही. आपल्याच वर्धा जिल्ह्यात पुलगावनजीक सात हजार एकरांहून अधिक जमिनीवर पसरलेले लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशभरच्या कारखान्यांतून निघालेला माल येथे येतो, शेडांतून रचला जातो आणि मागणीप्रमाणे निरनिराळ्या तुकड्यांकडे रवाना होतो. ३१ मे २०१६ रोजी, पहाट होण्यापूर्वीच, रणगाडाविरोधी सुरुंग साठविलेल्या एका शेडला आग लागली. आगरगाव आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे अंथरुणातून उठून वाट फुटेल तिकडे धावली. आणि दोन अधिकाऱ्यांसह १९ जण प्राणांस मुकले, ज्यांत बहुसंख्य आग विझविण्यास धावलेले अग्निशामक कर्मचारी होते. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावी आले.

पुढे चर्चा झाली ती त्या सुरुंगांतील टीएनटीच्या पाझरण्याची. या स्फोटकात कारखान्यातील शुद्धीकरणानंतरही काही भेसळ उरली, तर ती मूळ द्रव्यापेक्षा पुष्कळच कमी उष्णतेवर वितळते आणि तपकिरी, तेलकट द्रवाच्या रूपाने सुरुंगाच्या सांध्यांतून बाहेर डोकावू लागते. विदर्भातील मे महिन्याची हवा आणि पत्र्याखालची कोंदट उष्णता या क्रियेला किती अनुकूल असेल, हे येथील वाचकास सांगावयास नको. हा दोष आगीपूर्वी काही वर्षे लष्कराच्या ध्यानी आलेला होता. त्यातच आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, महालेखापालांनी दारूगोळ्याविषयीचा आपला अहवाल संसदेपुढे ठेवला होता, त्यानुसार १७० प्रकारांपैकी निम्म्या प्रकारांचा साठा घनघोर युद्धाच्या दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. अर्थात एकीकडे हवा तो माल नाही आणि दुसरीकडे आहे त्यातला काही शेडमध्येच घातक होऊन बसलेला, अशी ही स्थिती होती.

आता वाणीकडे वळू. बिनतारी संदेशाचा स्वभावच असा की, तो ज्याच्यासाठी सोडला त्याच्यापाशी जातो तितकाच इतर सर्वांपाशीही जातो. भर बाजारात हाक मारून एकालाच ऐकू जावे अशी इच्छा धरण्यासारखेच ते आहे. शिवाय बोलणारा जे बोलतो त्याहून अधिक त्याचा पत्ता बोलतो, कारण दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या शोधयंत्रांनी लहरींची दिशा टिपली की त्या दोन रेषा जेथे छेदतील तेथे प्रक्षेपक सापडतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, चले जाव चळवळीत, आष्टीच्या पोलीस ठाण्यासमोर जे रक्त सांडले, त्यानंतर अकराच दिवसांनी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र बोलू लागले. त्या मंडळींना आपला प्रक्षेपक घेऊन एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात सारखे हलावे लागे ते याच भयाने. आणि १२ नोव्हेंबर रोजी पोलीस अखेर त्यांच्या दारी येऊन ठेपले. अशा निष्ठावंतांचीही ही गत झाली.

या दोन संकटांवर शास्त्राने उपाय काढलेले आहेत. संदेश सांकेतिक करणारा संच आणि दर सेकंदास अनेकवार वारंवारता बदलणारा संच, हे ते उपाय. परंतु या संचांत एक अट दडलेली आहे. बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या, दोघांच्याही यंत्रांत त्या दिवसाची तीच सांकेतिक किल्ली भरलेली असली पाहिजे, दोघांची घड्याळे जुळली पाहिजेत आणि दोघांच्या बॅटऱ्या जिवंत असल्या पाहिजेत. पलटणीतील एका कंपनीचा संच जरी जुना असला किंवा तिची किल्ली कालची राहिली, तरी तिच्याशी बोलावयाचे म्हणून सगळी पलटण उघड्यावर येते. तोफा पडत असता कोणताही नाईक तासभर किल्ली जुळवीत बसणार नाही. तो साधा सेट उचलून, नाव-गाव-ठिकाण सांगून मदत मागेल, आणि मागावीच.

ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियात हेच घडले. सॅमसोनोव्ह आणि रेनेनकाम्फ या दोन रशियन सेनापतींच्या सैन्यांजवळ टेलिफोनची तार पुरेशी नव्हती आणि संकेतांची पुस्तके सगळ्या तुकड्यांना सारखी पोहोचलेली नव्हती. त्यामुळे कोणती तुकडी उद्या कोठे जाणार हे हुकूम उघड्या भाषेत हवेत सोडले गेले आणि जर्मनांनी ते निवांतपणे लिहून घेतले. टॅनेनबर्गच्या त्या लढाईत सॅमसोनोव्हच्या सैन्याचा निःपात झाला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आपल्या १९६२ च्या पराभवाचे पुष्कळ पैलू आहेत. मला त्यांतील नामका चू नदीचा काठ सर्वांत बोलका वाटतो. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची सातवी ब्रिगेड तेथे थागला डोंगराच्या पायथ्याशी उभी केली होती. अंगावर सुती गणवेश, हातात दुसऱ्या महायुद्धातील .३०३ रायफल, माणशी ५० गोळ्या. आणि विमानांतून त्सांगधारच्या उतारावर टाकलेली रसद कितीतरी वेळा दरीत घरंगळून नाहीशी होई. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू झाल्या, टेलिफोनच्या तारा तोडल्या गेल्या आणि पलटणी आपल्या मुख्यालयापासून तुटून एकेकट्या लढत राहिल्या. दोन दिवसांनी दळवी स्वतः कैद झाले. येथे संदेश फुटला नाही. संदेशच उरला नाही. परंतु मूळ एकच होते, कारण ज्या दिल्लीत लोकरीच्या कपड्यांची तरतूद झाली नव्हती, त्याच दिल्लीत तारेला जोड काय द्यावी याचीही तरतूद झाली नव्हती. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षण खात्यात गेले ते या अवस्थेचा वारसा घेऊन.

साठ वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, जगातील दुसऱ्या क्रमांकाचे म्हणून गणले जाणारे रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले. त्याच्यापाशी आझार्त नावाचा आधुनिक सांकेतिक संच होता, परंतु सगळ्यांपाशी नव्हता. म्हणून शिपायांनी बाजारात मिळणारे स्वस्त चिनी वॉकीटॉकी घेतले आणि कित्येकांनी तर साधे मोबाइल वापरले. त्यांचे बोलणे युक्रेनियनांनीच नव्हे, घरी बसलेल्या हौशी रेडिओवाल्यांनीही ऐकले. या सैन्याच्या दळणवळण शाखेचा प्रमुख राहिलेला जनरल खलील अर्स्लानोव्ह त्याच शाखेच्या कंत्राटांतील अपहाराबद्दल पुढे, २०२४ मध्ये, १७ वर्षांच्या सजेस पात्र ठरला. मधल्या काळात, १ जानेवारी २०२३ रोजी, मकीवका येथील शाळेच्या इमारतीत उतरलेल्या तुकडीवर युक्रेनची रॉकेट्स पडली. रशियन मंत्रालयाने ८९ मृत्यू मान्य केले आणि कारण सांगितले ते असे की, सैनिकांनी मनाई असता मोबाइल वापरले. मृतांच्या माथी कसूर मारण्याचा हा प्रकार मला सहन होत नाही. त्याच इमारतीत दारूगोळा साठविला होता, असे रशियातीलच लष्करी भाष्यकार बोलले. तो हुकूम शिपायाने दिला नव्हता.

आपल्याकडे अलीकडे संभव नावाचे सुरक्षित फोन सैन्यास मिळू लागले आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ च्या चीनबरोबरील बोलण्यांत ते वापरले गेल्याचे सेनाप्रमुखांनी सांगितले. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु वरिष्ठ अंमलदाराच्या मेजावरचा फोन निर्धोक झाला म्हणून बर्फातील चौकीवरच्या नाइकाचा सेट निर्धोक झाला असे होत नाही, आणि माझा प्रश्न त्या नाइकाविषयीचा आहे. महालेखापालांनी जसे दारूगोळ्याचे दिवस मोजले, तसेच एकेका पलटणीत सांकेतिक संच किती, त्यांतील चालू किती, त्यांच्या बॅटऱ्या उणे तापमानात किती तास टिकतात आणि किल्ली बदलण्यास किती वेळ लागतो, याचा तपशील शांततेच्या काळातच, शत्रूच्या हाती न पडेल अशा रीतीने, संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे दरवर्षी यावा. संच खरेदीच्या निविदा आणि त्यांची मैदानातील चाचणी यांचा विचार पुढील लेखांकी करू.