आकाशातले किलोमीटर : लेखांक 6
अंतर तेच, वेळ वेगळी

गोलावर दोरा ताणून दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर कसं काढतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. ते अंतर कापायला वेळ किती लागतो, हे आज नांदेडपासूनच बघू.

सचखंड एक्सप्रेस सकाळी नांदेड सोडते. अमृतसर उत्तरेला, पण गाडी आधी परभणी, जालना करत पश्चिमेला मनमाड गाठते, मग भुसावळ, इटारसी, भोपाळ, दिल्ली करत दुसऱ्या दिवशी रात्री पोचते. रुळांवरून हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर भरतं. हवेतून सुमारे 1,400. नांदेडच्या हुजूर साहिबहून अमृतसरच्या दरबार साहिबला निघालेल्या वयस्कर यात्रेकरूला या फरकाचं मोल सांगावं लागत नाही.

उंचीवर जेट विमान ताशी 800 ते 850 किलोमीटरने जातं. भागाकार केला तर पावणेदोन तास पुरायला हवेत. वेळापत्रक मात्र त्याहून बरंच जास्त धरतं, कारण ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंत मोजतं. धावपट्टीपर्यंत सरकणं, चढताना-उतरतानाचा कमी वेग, उतरण्याआधीचे वळसे, सगळं त्यात आलं. प्रवास जितका छोटा, तितका हा भार जड. नांदेड-हैदराबाद हवेतून जेमतेम अडीचशे किलोमीटर, तरी तासभर धरावा लागतो.

लांबच्या प्रवासात वारा हिशेब उलटा करतो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 झालं, पण वारा पाठीशी आल्यामुळे प्रवास दोनेक तासांनी कमी झाला. लांबची वाट लवकर पोचवते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आता नांदेडजवळच्या नायगावचा माणूस घ्या. त्याला दुबईला जायचंय. नरसी, देगलूरमार्गे हैदराबादचा शमशाबाद विमानतळ गाठायला पाचेक तास, तिथं तीन तास आधी हजेरी. विमान उडण्याआधीच आठ तास गेले, आणि उड्डाण स्वतः चारेक तासांचं! सकाळी दहाला उडालं तर दुबईच्या घड्याळात साडेबारा वाजलेले असतात, कारण तिथलं घड्याळ दीड तास मागं आहे. वाचलेला वाटतो तो दीड तास येताना परत द्यावा लागतो.

नांदेडचा विमानतळ नायगावपासून पन्नासेक किलोमीटरवर. 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेची जी पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होतं. पुढं ती सेवा बंद पडली. नायगाव, बिलोली, देगलूरच्या माणसाचा खरा वेळ रस्त्यावर जातो. तो वाचवायचा तर आणखी वेगवान विमान नको, नांदेडहून रोज, ठरल्या वेळी सुटणारं आणि पुढच्या विमानाशी वेळ जुळणारं विमान हवं.

पुढच्या लेखांकात : उत्तर ध्रुवावरून जाणारी वाट.